सुभेदार दारात आले की

आमदाराची गाडी गावात शिरली की काय काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. सरपंच टोपी सावरत येतो, कुणीतरी नारळ आणायला पळतं, आणि गेल्या खेपेला दिलेल्या अर्जाचं काय झालं ते विचारायला चार म्हातारे पारावरनं उठतात. सुभेदार दौलू मोरबाळे आमच्या तालुक्याचे आमदार होते तेव्हा यातलं काही होत नसे. त्यांची हिरवी जीप वेशीत दिसली की नळावरच्या बायका बोलायच्या थांबायच्या. ज्या घरातला पोरगा पलटणीत आहे, त्या घरातली माणसं दारात येऊन जीप कुठं थांबते एवढंच बघत राहायची. जीप पुढं गेली की ती माणसं आत जाऊन देवापुढं हात जोडायची. आणि जिथं ती थांबायची, तिथं सुभेदार उतरायच्या आधीच रडं उठायचं.

मी त्या जीपमध्ये मागच्या बाकावर असायचो. मी कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतला, बी. ए. होऊन राजारामपुरीत एका टायपिंगच्या क्लासात शिकवणारा, म्हणजे जवळजवळ बेकारच. सुभेदारांना पत्रं लिहायला माणूस हवा होता. त्यांनी मला दोनच प्रश्न विचारले. पहाटे उठतोस का, आणि लिहिताना पदरचं घालतोस का. पहिल्याला मी हो म्हटलं, दुसऱ्याला नाही. पहिलं उत्तर खोटं आहे हे त्यांना आठवड्याभरात कळलं. रागावले नाहीत. म्हणाले, झोप येत असेल तर येते म्हणावं, त्यात लाजायचं काय.

आमच्या तालुक्याच्या सीमेकडच्या गावांत घरटी एक माणूस फौजेत असतो. सुभेदारही तसेच शिपाई म्हणून गेले, सुभेदार होऊन परत आले, आणि गावात म्हशी पाळून बसले. पंचाण्णवच्या निवडणुकीत साखर कारखान्याचे चेअरमन आणि त्यांचा सख्खा पुतण्या एकमेकांविरुद्ध उभे राहिले. त्या भावकीच्या भांडणाला विटलेल्या लोकांनी सुभेदारांना मधेच उभं केलं. निवृत्त फौजी सायकलींवरून प्रचाराला फिरले आणि सुभेदार निवडून आले. सगळ्यात जास्त धक्का सुभेदारांनाच बसला असावा. गुलाल लागलेला सदरा त्यांनी त्याच दिवशी स्वतः धुतला, कारण बायकोला डाग निघायचे नाहीत अशी त्यांची खात्री होती.

आमदार झाल्यावरही त्यांना कुणी आमदारसाहेब म्हटलं तर ते मागं वळून बघायचे, कुणी दुसरा आला की काय म्हणून. राजारामपुरीतल्या आमच्या दोन खोल्यांच्या कचेरीत लोक रांगेनं उभे राहायचे. रांग वाकडी झाली तर आतून आवाज यायचा. बुटांना पॉलिश स्वतः करायचे आणि माझ्या चपलांकडं रोज एकदा दुःखानं बघायचे. पण लोकांना खरा त्रास व्हायचा तो त्यांच्या उत्तराचा. राजकारणात एक शब्द असतो, 'बघू'. तो शब्द ऐकला की अर्ज आणणारा खूश होऊन घरी जातो आणि पुढच्या निवडणुकीपर्यंत कुणाचं काही अडत नाही. सुभेदारांच्या तोंडी तो शब्द कधी आलाच नाही. एकदा हेळेगावचा एक मोठा बागायतदार शंभर मतांची भाषा करत आला. चुलतभावाच्या रानातनं रस्ता पाहिजे होता. सुभेदारांनी कागद वाचला आणि परत दिला.

"पावणं, हे हुनार न्हाई. रान त्याचं हाय. कोर्टात जावा, तिथंबी हुनार न्हाई."

तो माणूस पायऱ्या उतरताना मला म्हणाला, नाही म्हणायला आमदार कशाला लागतो, ते तर तलाठीपण म्हणतो. मला हसू आलं, पण त्याचंही काही चुकत नव्हतं.

विधानसभेत तर त्यांचं सगळंच अवघड होतं. अध्यक्ष सभागृहात आले की सगळे उठतात आणि लगेच बसतात. सुभेदार अध्यक्ष टेकल्याची खात्री होईपर्यंत ताठ उभे. बोलायचं असलं की हात वर करून थांबायचे, आणि आजूबाजूला एवढा गदारोळ असायचा की तो हात कुणाला दिसायचाच नाही. एका जुन्या सभासदानं त्यांना समजावलं की इथं उठून ओरडायचं असतं. सुभेदारांनी त्याला विचारलं, हुकूम मिळाल्याशिवाय? त्यांनी अख्ख्या आमदारकीत मनापासून असा एकच विषय मांडला. जवान गेल्याची खबर त्याच्या घरी हवालदाराच्या हाती पाठवू नये, जाणत्या माणसानं जाऊन समोरासमोर सांगावी, आणि तसा नियम करावा. मंत्र्यांनी उत्तर दिलं की शासन यावर सकारात्मक विचार करील. कोल्हापुरात आल्यावर सुभेदारांनी मला विचारलं, सकारात्मक विचार म्हणजे नेमकं काय. मी म्हटलं, म्हणजे बघू. त्या वेळी ते जेवढं हसले तेवढं हसताना मी त्यांना पुन्हा पाहिलं नाही.

आता हा विषय त्यांच्या मनात कुठून आला ते सांगतो.

आपल्याकडं मेलेल्या माणसाला कुणी सरळ मेला म्हणत नाही. निरोप येतो, 'सीरियस आहे, लगेच या.' ऐकणाऱ्याला कळतं. सांगणाऱ्यालाही कळतं की याला कळलं. तरी सगळे घरी पोचेपर्यंत सीरियसच म्हणत राहतात. यात माया आहे, नाही असं नाही. पण एकाहत्तरच्या लढाईत सुभेदारांचा पलटणीतला दोस्त पडला, तो शेजारच्याच गावचा. चौकीवरचा हवालदार त्याच्या आईबापाला खबर द्यायला आला आणि त्या दोघांचे चेहरे बघून त्याचा धीर सुटला. पोरगा सीरियस आहे, पुण्याच्या दवाखान्यात आणतायत, एवढं बोलून तो निघून गेला. म्हातारा-म्हातारी साधी माणसं, त्यांनी शब्दावर विश्वास ठेवला. तुपाचा डबा घेऊन एस. टी.नं पुण्याला गेली आणि एका फाटकातून दुसऱ्या फाटकात पोराचं नाव विचारत हिंडली. शेवटी कुणा कारकुनाला दया आली आणि त्यानं खरं सांगितलं. तुपाचा डबा तसाच परत आला. सुट्टीवर आलेल्या सुभेदारांना त्या म्हाताऱ्यानं त्याच तुपाची पोळी वाढली आणि वाढताना हे सगळं सांगितलं.

तेव्हापासून हा माणूस 'सीरियस' या शब्दावर दात धरून होता. आमदार झाल्यावर त्यांनी वरपर्यंत बोलून अशी सोय केली की तालुक्यातल्या जवानाची वाईट खबर आली की आधी आमच्या कचेरीत फोन यायचा. फोन आला की सुभेदार पलटणीला उलट फोन लावून सगळं विचारून घ्यायचे, डोक्यावर जुनी फौजी टोपी चढवायचे आणि जीप काढायला सांगायचे. दारात गेल्यावर बसायचे नाहीत. टोपी काढायची, पोराचं पूर्ण नाव घ्यायचं, आणि सावकाश, एकेक शब्द सुटा करून, गेला म्हणून सांगायचं. कुठं, कधी, कसा, जे विचारतील ते. त्यानंतर मात्र ते तिथून हलायचे नाहीत. शव येईपर्यंत दोन दोन दिवस त्या घरात राहायचे. रडत्या घरात म्हशीची धार काढायला कुणाला सुचत नाही आणि म्हैस तर थांबत नाही. आमदार गोठ्यात बसून धार काढतोय आणि डेअरीची किटली मी घेऊन चाललोय, हे दृश्य आमच्या तालुक्यातल्या बऱ्याच लोकांनी पाहिलं आहे.

गंगव्वाच्या घरी आम्ही पहिल्यांदा गेलो ते असंच. तांबुळवाडी म्हणजे अगदी सीमेवरचं गाव, निम्मं बोलणं मराठी आणि निम्मं कानडी, बायकाही तिथं 'येतो, करतो' असंच बोलतात. गंगव्वाचा नवरा लवकर गेलेला. भुईमूग आणि दोन म्हशी यावर तिनं दोन पोरं वाढवलेली, थोरला बसवराज आणि धाकटा मल्लाप्पा, म्हणजे मल्लू. बसवराज काश्मीरकडं गस्तीवर असताना गेला. सुभेदारांनी टोपी काढून सांगितलं. ती रडली नाही. खांबाला धरून खाली बसली आणि तिनं विचारलं,

"लगीच गेला, का हाल झालं?"

मला वाटलं, आता तरी हा माणूस लगेच गेला म्हणेल. एवढं खोटं देवपण माफ करील.

"तासभर हुता," सुभेदार म्हणाले. "सुद्दीत हुता. दोघं जण जवळ हुती. पाणी मागितलं, ते दिलं."

मला त्या वेळी त्यांचा संताप आला होता, हे लपवत नाही. आईला हे सांगायची काय गरज होती? पण गंगव्वानं मान हलवली आणि दोघं जवळ होती ना, एवढं पुन्हा विचारून घेतलं. गंगव्वाचं घर लिंगायत, आणि लिंगायतांत दहन करत नाहीत, पुरतात. शवाबरोबर आलेल्या जवानांना ते माहीत नव्हतं. सुभेदारांनी आधीच तिच्या रानात खड्डा काढून घेतला होता आणि विधीसाठी जंगमांना, म्हणजे त्यांच्या पुजाऱ्यांना, बोलावून ठेवलं होतं. नंतर गंगव्वा बाजारात, डेअरीत, लग्नाकार्यात सांगायची की सगळ्या जगात मला खरं सांगणारा एकच माणूस भेटला. कुणी सुभेदारांबद्दल वाकडं बोललं तर ती भांडायला उठायची.

पण अशी गंगव्वा एखादीच. बाकीच्यांना सुभेदारांची भीती बसली, आणि त्यात त्यांचं तरी काय चुकलं? मतदारसंघात फिरणं हे आमदाराचं काम. आमचा आमदार नुसत्या पाणी योजनेच्या उद्घाटनाला गेला तरी गावातल्या चार बाया चक्कर येऊन पडायच्या. मग सुभेदार जीप गावाबाहेर ठेवून चालत जायला लागले. थोड्याच दिवसांत त्यांचं चालत येणंही लोकांना तसंच वाटायला लागलं. चेअरमनच्या माणसांनी जीपला यमाची गाडी म्हणायला सुरुवात केली. आमचे कार्यकर्ते हवालदिल होऊन सांगायला आले की खबर द्यायला दुसरं कुणीतरी पाठवा, तुम्ही आनंदाच्या कार्याला तेवढं जा. सुभेदारांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, दुसरं म्हणजे कोण, आणि तो सीरियस म्हणणार नाही कशावरून.

धाकट्या मल्लूला भरतीचं वेड होतं. सुभेदार गावात असले की पहाटे माळावर पोरांना पळवायचे, त्यात मल्लू सगळ्यांच्या पुढं. तो भरती झाला तेव्हा गंगव्वा एस. टी.नं राजारामपुरीत आली. रांगेत उभी राहिली. नंबर आल्यावर शेंगांची पिशवी टेबलावर ठेवून म्हणाली की पोराला अडवा म्हणायला आलो नाही, अडवून तो थांबणार नाही.

"एकच मागतो. काय बी झालं तरी तुमी यायाचं आणि खरं सांगायचं. दुसऱ्याचं मी ऐकणार न्हाई."

"शबूद दिला," सुभेदार म्हणाले.

दिलेला शब्द ते मोडणार नाहीत याबद्दल मला काही शंका नव्हती. मला काळजी होती ती मल्लूची.

कारगिलची लढाई सुरू झाली त्या उन्हाळ्यात आमच्या कचेरीतला फोन वाजला की मी आधी भिंतीवरच्या देवाकडं बघायचो. पावसाळा लागला, तरी खबरा थांबल्या नाहीत. त्यात निवडणूक तोंडावर आलेली. सुभेदार बारीक झाले होते. एका दारातून निघाले की दुसरं. ते जेवताना मधेच थांबायचे. काय झालं विचारलं तर काही नाही म्हणायचे, आणि त्यांना एवढं साधं खोटं बोलताना मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

मल्लूची खबर आली तेव्हा त्यांनी पलटणीला फोन लावला, ऐकून घेतलं, ठेवून दिला आणि टोपी शोधायला लागले. टोपी त्यांच्या हातातच होती.

तांबुळवाडीच्या वेशीबाहेर जीप थांबवून ते बराच वेळ आत बसून राहिले. मी आणि ड्रायव्हर खाली उतरून उभे. मग ते चालू लागले आणि मी मागं. गंगव्वा भुईमुगाच्या रानात भांगलत होती. बांधावरून येणारे आम्ही तिला लांबूनच दिसलो. ती उठली, हातातलं खुरपं तिनं खाली टाकलं, आणि आम्ही जवळ जाईपर्यंत तशीच उभी राहिली. आजूबाजूच्या रानांतल्या बायाही उठून जवळ आल्या.

सुभेदारांनी टोपी काढली.

"मल्लू?" तिनं विचारलं.

"व्हय."

"जित्ता हाय?"

मी सुभेदारांच्या पाठीमागं होतो, मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता. फक्त टोपी धरलेला हात दिसत होता. मग त्यांचा आवाज आला.

"सीरियस हाय."

भोवतालच्या बायांनी पदर तोंडाला लावले. तो शब्द काय सांगतो हे त्या साऱ्या जणींना कळलं होतं. एकटी गंगव्वा सोडून. कारण हा शब्द दुसरं कुणी बोललं असतं तर तिनं तिथंच ऊर बडवला असता. हा सुभेदार बोलला होता, आणि सुभेदार खोटं बोलत नाही हे तिनं अख्ख्या पंचक्रोशीला सांगितलेलं होतं. तिनं दोन्ही हात कपाळाला लावले. बसवेश्वराचं नाव घेतलं. आणि म्हणाली, चला घरी, च्या करतो.

आम्ही गेलो. तिनं च्या केला आणि आम्ही तो प्यालो. याहून वाईट काही मी आयुष्यात केलेलं नाही आणि पाहिलेलंही नाही.

कुठल्या दवाखान्यात आहे, मी येतो, असं ती म्हणायला लागली. सुभेदार म्हणाले, इकडंच आणतायत. मग तिनं घराचा पुढचा सोपा झाडून घेतला. सारवलं. कपाटातली नवी वाकळ काढून पोरासाठी अंथरली. बाजारच्या गावातल्या डॉक्टरला सांगून ठेवलं की लागेल तसं यायला लागेल. शेजारपाजारचे तिच्याशी बोलायचं टाळत होते, तर ती त्यांनाच धीर देत होती की सुभेदारानं सांगितलंय, पोरगं जित्तं हाय.

गावातल्या जाणत्यांनी सुभेदारांना गाठलं. आता काय करायचं? सुभेदार एवढंच म्हणाले, मीच सांगतो, मधे कुणी पडू नका. आणि ते सांगायला गेलेही, एकदा नव्हे, अनेकदा. दारापर्यंत जायचे. ती आतून उठून यायची, काय खबर, म्हणून तोंडाकडं बघायची. अजून तेवढीच, म्हणून ते परत फिरायचे. दोन दिवस तो माणूस त्या गल्लीत येरझाऱ्या घालत होता. त्या खेपेला त्यांनी तिच्या म्हशींची धार काढली नाही. तीच काढत होती, आणि पोरगा येणार म्हणून खरवसासाठी नुकत्या व्यालेल्या म्हशीची चौकशी करत होती. जीपमध्ये बसल्यावर मी काही विचारलं नव्हतं, तरी ते मला म्हणाले, "तोंडातनं गेलं रे." बस्स, एवढंच.

फौजेचा ट्रक आला तेव्हा गंगव्वा दारात उभी होती. पेटी उतरवताना ती एका जवानाला हळू, हळू म्हणाली. मग तिला तिरंगा दिसला. ती पेटीपाशी गेली नाही. गर्दीतून वाट काढत सुभेदारांपाशी आली. ती काय बोलली ते सगळ्या गावाला ऐकू आलं.

"खोटं बोलाय कोण बी चाललं असतं, सुभेदार. तुमीच कशाला आलासा?"

सुभेदारांनी खाली बघितलं. त्यांनी तिची माफी मागितली असती तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी मागितली नाही. मल्लूला बसवराजच्या शेजारी पुरलं. सलामी झाली, त्या सलामीला ते सगळ्यांच्या मागं उभे राहिले.

पुढं जे व्हायचं ते झालं. चेअरमनच्या लोकांनी गावोगाव सांगितलं की सुभेदारांची सभा होती म्हणून त्यांनी आईपासून पोराचं मरण दोन दिवस लपवलं. सभा वगैरे काही नव्हती. आमचे कार्यकर्ते पत्रक काढायला निघाले. सुभेदारांनी मला ते लिहू दिलं नाही. पुढच्या सभेत ते उभे राहिले आणि म्हणाले, मी त्या माउलीला खरं सांगायचा शबूद दिला हुता आणि तिच्यासमोर खोटं बोललो, हे खरं हाय. सभेचं कारण खोटं हाय, पर त्यानं फरक पडत न्हाई. आणि खाली बसले. लोक अजून भाषणाची वाट बघत होते. निवडणुकीत ते दणकून आपटले. तांबुळवाडीतही कुणी त्यांना मत दिल्याचं ऐकलं नाही.

त्यानंतर त्यांनी खबर द्यायला जाणं सोडलं. फोन दुसरीकडं जायला लागले, आणि तालुक्यात पुन्हा सगळेच जवान आधी सीरियस व्हायला लागले. मला वारणानगरला एका कॉलेजच्या कचेरीत नोकरी मिळाली. सणासुदीला मी सुभेदारांच्या गावी जायचो. ते गोठ्यात असायचे. माजी आमदाराला बोलावणी येतात, सत्कार असतात, ते कुठंच जात नसत. गंगव्वाचं नाव आम्ही दोघांनीही कधी काढलं नाही. फक्त एकदा त्यांच्या बायकोनं मला सांगितलं की हे अधूनमधून तांबुळवाडीच्या फाट्यापर्यंत जातात आणि परत येतात, काय करायचं या माणसाचं?

सहा-सात वर्षं अशी गेली. मग एकदा त्यांच्या मुलाचा, सुरेशचा फोन आला. सुभेदारांना राजारामपुरीतल्या एका दवाखान्यात ठेवलं होतं. पोटात गाठ होती आणि ती सगळीकडं पसरली होती. डॉक्टरांनी सुरेशला खोलीबाहेर नेऊन स्पष्ट सांगितलं होतं. सुरेशनं मला जिन्यातच गाठलं आणि हात धरून म्हणाला, काका, अण्णांना कळता कामा नये, अल्सर आहे म्हणून सांगितलंय. त्याचा चेहरा बघून मी मान हलवली.

आत सुभेदार पडून होते. अंगात काही राहिलं नव्हतं, दाढी मात्र रोजच्यासारखी केलेली. त्यांनी सुरेशला औषध आणायला बाहेर पाठवलं आणि मला विचारलं, डॉक्टर काय म्हणाले? मी म्हटलं, रिपोर्ट येऊ देत, मग बघू.

"बघू म्हणालास?" ते हसायचा प्रयत्न करत म्हणाले. "आमदार हुशील आता."

आणि भिंतीकडं तोंड करून पडले. नर्स येऊन बरं वाटतंय ना म्हणून गेली. भेटायला आलेले लोक पुढच्या महिन्यात घरी जाल म्हणत होते. सुभेदार सगळ्यांना व्हय म्हणत होते. त्यांना सगळं कळत होतं की नाही, मला सांगता येणार नाही. पण कुणाला तरी सरळ विचारावं आणि सरळ ऐकावं, अशी जागाच आम्ही त्यांना ठेवली नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिथं असतानाच गंगव्वा आली. म्हातारी झाली होती. एस. टी. स्टँडवरून रिक्षा न करता चालत आलेली, पायांवर धूळ. सुरेशनं तिला ओळखलं आणि तो दाराशी आडवा झाला. अण्णांना त्रास होईल, बाहेर बसा, असं हळूच म्हणाला. तिनं त्याला हातानं बाजूला केलं, जोरात नाही, आणि ती पलंगाजवळ जाऊन उभी राहिली.

सुभेदार उठून बसायला धडपडले. मी पाठीला उशी लावली.

"सुभेदार," ती म्हणाली, "तुमी बरं हुईत न्हाईसा. डाक्टरनी पोराला सांगितलंय. तुमास्नी कुणी सांगंना."

सुरेशनं तोंडावर हात ठेवला. सुभेदार तिच्याकडं बघत राहिले.

"थोडं दीस ऱ्हायलं का?"

"थोडंच. नक्की मला ठावं न्हाई, त्यापायी सांगत न्हाई."

त्यांनी मोठा श्वास घेतला आणि सोडला. मग काही बोलायला लागले, बहुतेक त्या दिवसाबद्दलच. गंगव्वानं त्यांना बोलू दिलं नाही.

"लई वरसं मी म्हणत हुतो," ती म्हणाली, "हेच्याबी वाट्याला असंच कुणीतरी खोटं बोलणारं येऊ दे. काल बाजारात ऐकलं, सगळी मिळून तुमास्नी फसवाय लागल्यात म्हणून. मग मला घरात बसवंना."

सुभेदार रडले. इतक्या दारांत उभा राहिलेला तो माणूस मी कधी रडताना पाहिला नव्हता. गंगव्वा उभीच होती. रडू ओसरल्यावर त्यांनी सुरेशला हाक मारली, नळ्या काढायला सांग आणि घरी जायला गाडी बघ म्हणाले. सुरेश नाही म्हणाला, डॉक्टर नाही म्हणाले, मीही नाही म्हणालो. आमचं त्यांनी कुणाचंच ऐकलं नाही.

संध्याकाळच्या आत त्यांना खुर्चीवर बसवून जिन्यानं खाली आणलं. राजारामपुरीच्या गल्लीत दुकानं भरात होती, क्लासची पोरं सायकली घेऊन निघाली होती. भाड्याच्या गाडीत मागच्या सीटवर सुभेदारांना बसवलं, शेजारी सुरेश. गंगव्वा पुढं ड्रायव्हरजवळ बसली, तिला वाटेत तांबुळवाडीच्या फाट्यावर सोडायचं होतं. मला जागा नव्हती. मी काचेजवळ वाकलो, तर सुभेदारांचं माझ्याकडं लक्ष नव्हतं. सुरेश हुंदके देत होता आणि ते त्याचा हात आपल्या हातात घेऊन त्याला काहीतरी सांगत होते, सावकाश, एकेक शब्द सुटा करून. सुरेश मान हलवत होता. गाडी निघाली, आणि चौकात वळताना मला मागच्या काचेतून दिसलं, ते अजून सांगतच होते.